पायथ्याचं अळू

(हडपसरच्या पुढे, टेकडीच्या उतारावरची एक मोठी सोसायटी. तिच्या मालकीचं छोटं तळं आणि त्याचा मातीचा बांध. कोजागिरीला दोन दिवस आहेत, तळं काठोकाठ भरलेलं आहे. सकाळची वेळ. बांधावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, त्यांत निवृत्त इंजिनिअर श्रीनिवास खांबेटे आणि तपासणीला आलेली तरुण इंजिनिअर उत्कर्षा.)

उत्कर्षा : सर, हा खंड्या कोणता?

श्रीनिवास : कोणता म्हणजे? खंड्या. निळा असतो, मासे खातो.

उत्कर्षा : तसं नाही. २०१८च्या तुमच्या अहवालात लिहिलंय, ‘तपासणीच्या वेळी सांडव्यावर एक खंड्या बसलेला आढळला.’ २०१९ला पण तो आहे. २०२०ला पण. गेल्या वर्षीपर्यंत तिथंच बसून राहिला आहे तो.

श्रीनिवास : चिकाटीचा पक्षी आहे.

उत्कर्षा : सर!

श्रीनिवास : अहो, पहिल्या वर्षी तो खरोखर बसला होता. मला बरं वाटलं, म्हणून लिहिला. दुसऱ्या वर्षी तारीख तेवढी बदलली, खंड्या राहून गेला. तिसऱ्या वर्षी तारीख बदलायचं कामसुद्धा सोसायटीच्या ऑफिसातल्या सौरभला सांगितलं. हा अहवाल वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच. अभिनंदन. मीसुद्धा वाचलेला नाही.

उत्कर्षा : मला तू म्हणा ना सर. अहो-जाहो ऐकलं की मला मेमो मिळाल्यासारखं वाटते. आणि हे पुढचं? ‘तळाची झडप पूर्ण उघडून व बंद करून पाहिली, सुस्थितीत आहे.’

श्रीनिवास : तेही खंड्याबरोबरच आलंय.

उत्कर्षा : मला अपूर्वा मॅडमनी फोनवर सांगितलं, फॉर्मॅलिटी आहे, दहा मिनिटांत होऊन जाईल.

श्रीनिवास : अपूर्वाबाई आमच्या नव्या अध्यक्ष. त्यांना कोजागिरीला तळ्यात होड्या घालून मसाला दूध वाटायचंय. विमा कंपनी म्हणते, बांधावर बाहेरच्या इंजिनिअरची सही पाहिजे, माझी चालणार नाही. आता बघ. बांधाचं डिझाइन माझं. पंचवीस वर्षांपूर्वी रजा टाकून त्याच्या बांधकामावर उभा राहिलो तो मी. सोसायटीच्या बांध सुरक्षा समितीचा अध्यक्ष मी, अहवाल लिहिणारा मी. बाळंतपण मी केलं, नाडी मी बघतो, प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला मीच देतो. तरी ह्यांना शंका!

उत्कर्षा : समितीत अजून एक नाव आहे. दिगंबर सोहनी. ते येणार आहेत का आज?

श्रीनिवास : तो वैकुंठात गेला, त्याला तीन वर्षं झाली.

उत्कर्षा : सॉरी सर. पण नाव तर आहे.

श्रीनिवास : काढलं तर कोरम भरत नाही. शिवाय हल्ली तो बैठकीत मला विरोध करत नाही.

उत्कर्षा : आणि सरकारी तपासणी?

श्रीनिवास : कायद्याची यादी मोठ्या धरणांची. आमचा हा बांध जेमतेम सहा मीटर उंच. कायद्याच्या लेखी हे धरणच नाही, नुसती हौस आहे. म्हणून तर ही समिती काढली. म्हटलं, सरकार बघत नाही ना, मग आपण बघू. आणि बघतो की दर वर्षी. ह्याच खुर्चीत बसतो, एक चहा घेतो, पायडलच्या होडीतून एक चक्कर मारतो, आणि मग दुसरा चहा. होडीतून बांध फार देखणा दिसतो.

उत्कर्षा : होडीतून पाण्याकडची बाजू दिसते सर. गळती तर पलीकडून निघते.

श्रीनिवास : मला शिकवू नकोस.

उत्कर्षा : मी नाही शिकवून राहिले. तुम्हीच शिकवलंय. पाटबंधारे खात्याची ती पिवळी पुस्तिका. ‘मातीचं धरण माथ्यावरून तपासू नये. माथ्यावरून ते नेहमीच चांगलं दिसतं. पायथ्याशी उतरावं, माती हातात घ्यावी.’ आम्ही यवतमाळला हॉस्टेलमध्ये झेरॉक्स काढून वाचली होती. लेखक, श्री. खांबेटे. मला तर पाठ आहे.

श्रीनिवास : तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. गुडघे चांगले असताना माणूस काहीही लिहितो.

उत्कर्षा : तुम्ही बसा. मी जाऊन पाहून येते.

श्रीनिवास : बसतो कसला! ही पुढे गेली आणि लेखक वर चहा पीत बसला, असं उद्या सोसायटीच्या ग्रुपवर येईल. हात दे. त्या बाजूला पायऱ्या आहेत. म्हणजे मी त्या डिझाइनमध्ये काढल्या होत्या. असतील.

उत्कर्षा : आहेत सर. हळू. अजून चार.

सुशीलाबाई : आवं साहेब! तुमी? आन खाली? दम धरा, दम धरा, तितं निसरडं हाय! ह्या दगडावर पाय द्या.

श्रीनिवास : ह्या सुशीलाबाई. ह्यांचे यजमान वैजनाथ आमच्या होड्या आणि बाग सांभाळतात. सात वर्षांपूर्वी परभणीकडून आले. ह्या दोन खोल्या त्यांच्या. सोसायटीच्या मागे लागून मीच बांधून दिल्या.

उत्कर्षा : बांधाच्या पायथ्याशी?

श्रीनिवास : पाण्याची सोय जवळ होती.

उत्कर्षा : सर, बाकीचा सगळा उतार वाळलाय. मग इथंच हे एवढं हिरवं काय आहे?

श्रीनिवास : अळू! सुशीलाबाईंचं अळू. असं अळू तुला मंडईत मिळायचं नाही. पानं बघ, सुपाएवढी. खाजरं नाही, दोरे नाहीत. दर पंधरवड्याला आमच्याकडे जुडी येते. माझी बायको आनंदी अळूवड्या करते, आणि मी कसब्यात जन्मलेला माणूस, सहसा कशाला चांगलं म्हणत नाही, पण त्या वड्यांना म्हणतो.

उत्कर्षा : बाई, ह्याला पाणी कधी घालता तुम्ही?

सुशीलाबाई : पानी? घालायचं कशाला? हितं खालूनच येतंय की. बारा म्हैने. मे म्हैन्यात समदं करपतंय, पर हितली वल काय हटत न्हाई.

उत्कर्षा : सर…

श्रीनिवास : ऐकलं.

उत्कर्षा : पुस्तिकेत आहे ते.

श्रीनिवास : पान चौदा. ‘कोरड्या उतारावर एकाच ठिकाणी हिरवळ, विशेषतः ओल मागणाऱ्या वनस्पती दिसल्यास, तो पाझर समजावा व ताबडतोब नोंद घ्यावी.’ मी नोंद घेतली. दर पंधरवड्याला घेतली. बेसन लावून, चिंचगूळ घालून, तळून घेतली. वर दोन वड्या जास्त मागितल्या. जगात कुठल्या इंजिनिअरनं धोक्याची सूचना एवढ्या आवडीनं खाल्ली नसेल.

सुशीलाबाई : तुमी मागल्या दिवाळीत मला इचारलं बी हुतं, अळवाला काय घालता म्हनून.

श्रीनिवास : मग? काय म्हणाला होतात?

सुशीलाबाई : म्हनले, कायबी न्हाई. बांधातनं पानी येतंय त्येच्यावरच हाय.

श्रीनिवास : आणि मी?

सुशीलाबाई : तुमी म्हनला, वा!

श्रीनिवास : वा. अडतीस वर्षं धरणांवर नोकरी केली, आणि ‘बांधातनं पाणी येतंय’ ह्यावर माझं मत काय, तर वा.

उत्कर्षा : सर, लगेच घाबरायचं कारण नाही. मातीच्या बांधातून थोडा पाझर तर येतोच. पाणी नितळ असलं की झालं. बाई, पाणी नितळ येते ना?

सुशीलाबाई : आदी यायचं. तळ दिसायचा. गनपतीपसून जरा गढूळ यायलंय. म्या तुरटी फिरवते हांड्यात. सकाळी बगावं तर खाली बोटभर गाळ.

उत्कर्षा : बोटभर?

सुशीलाबाई : ह्यो बगा की हांडा. आजचा हाय. धुतला न्हाई आजून.

श्रीनिवास : इकडे द्या. थांब, उत्कर्षा, मला बघू दे. हा वरचा मुरूम नाही. काळी माती आहे. चिकट. बोटांत लांब वळी होते, बघ. बांधाच्या पोटात भरायला ही माती मी स्वतः निवडली होती. अशीच चोळून पास केली होती.

उत्कर्षा : म्हणजे गाभ्यातली माती बाहेर येऊन राहिली आहे.

श्रीनिवास : हो.

उत्कर्षा : महिन्याभरापासून.

श्रीनिवास : हो. आणि रविवारी परतीचा पाऊस सांगितलाय. मला भीती वाटतेय, उत्कर्षा. चेष्टा करत नाही.

सुशीलाबाई : काय झालं वो साहेब? हांड्यात काय निगालं?

उत्कर्षा : बाई, बांध आतून पोखरून राहिला आहे. पाणी जाता जाता माती घेऊन जाते, भोक मोठं होते. तळं खाली करावं लागेल, आजच. सर, तळाच्या झडपेचा व्हॉल्व्ह कुठं आहे?

श्रीनिवास : ती चौकोनी विहीर दिसते ना, लोखंडी झाकणाची? तिच्यात.

उत्कर्षा : थांबा, उघडते. हं. इथं तर नुसता दांडा आहे. फिरवायचं चाक कुठं आहे?

श्रीनिवास : क्लब हाउसमध्ये.

उत्कर्षा : स्टोअररूममध्ये?

श्रीनिवास : हॉलच्या भिंतीवर.

उत्कर्षा : भिंतीवर?

श्रीनिवास : सोनेरी रंग देऊन. बोट क्लबचा हॉल सजवताना त्यांना जहाजाचं सुकाणू हवं होतं. बाजारात महाग पडतं. कोणीतरी हे चाक काढून नेलं, रंगवलं, खिळे ठोकले. उद्घाटन माझ्या हस्ते झालं.

उत्कर्षा : तुम्ही ओळखलं नाही?

श्रीनिवास : फीत कापल्या कापल्या ओळखलं. पण तोवर माझ्या अंगावर शाल होती आणि हातात नारळ. फोटोवाला म्हणत होता, आजोबा, हसा. शाल पांघरलेल्या माणसानं ‘हे माझ्या व्हॉल्व्हचं चाक आहे, खाली काढा’ असं म्हणायचं तरी कसं? म्हटलं, उद्या सांगू. त्याला सहा वर्षं झाली.

सुशीलाबाई : ते सोन्यावानी चाक व्हय? त्येच्यापुडं समदे फोटू काडत्यात. आमच्या ह्यांना फोन करते. क्लबातच हायेत ते, होड्यांचे दिवे लावायलेत. आवं, ऐकलं का? त्या भिंतीवरलं सोन्याचं चाक काडून आना. व्हय, तेच. निगत नसंल तर भिंत फोडा. साहेबच म्हनत्यात. आन पहार बी आना.

श्रीनिवास : मी भिंत फोडा म्हणालो नव्हतो.

सुशीलाबाई : म्हनला आसता की.

श्रीनिवास : तेही खरं. आता मला एक फोन केला पाहिजे. हॅलो, अपूर्वाबाई? खांबेटे. नाही, सही झालेली नाही. नाही, होणारही नाही. तळं रिकामं करतोय. आज. आत्ता. हो, होड्यांना दिवे लावलेत ते माहीत आहे. दूध गच्चीवर प्या, चंद्र तिथंही येतो. काय? परवानगी कोणाची म्हणजे? बांध सुरक्षा समितीची. एकमतानं. हो, दिगंबर धरून. आणि ऐका, पाण्यावर कोणालाही जाऊ देऊ नका, ही मात्र थट्टा नाही. ठेवतो.

उत्कर्षा : चिडल्या का?

श्रीनिवास : म्हणाल्या, काका, तुम्हीच तर दर वर्षी लिहून देत होतात. मी फोन ठेवला.

सुशीलाबाई : आले बगा हे! चाक आनलंय. जरासं प्लास्टर बी आलंय संगं. घाला वो त्या दांड्यावर. बसलं? फिरवा. फिरंना?

उत्कर्षा : चाकाच्या मधून पहार घाला दादा. मी इकडून धरते. डावीकडे.

श्रीनिवास : हळू, दांडा तुटला तर संपलं! जरा उलटं, मग परत डावीकडे. गंज सुटू दे. पुन्हा.

सुशीलाबाई : लावा जोर! आजून!

उत्कर्षा : हललं! सर, हललं!

श्रीनिवास : थांबू नका. अजून एक वेढा. ऐका! ऐकू आलं? पाइपात पाणी आलं. सुशीलाबाई, खाली बघा, कुठं चाललंय?

सुशीलाबाई : नाल्याला चाललंय! काळंकुट्ट निगालं पयलं, आता साफ यायलंय. लई जोर हाय त्येला!

श्रीनिवास : इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस अहवालात लिहिल्याप्रमाणे वागला.

उत्कर्षा : कोण?

श्रीनिवास : मी.

उत्कर्षा : निम्मं तळं उतरायला दोन दिवस तर लागतीलच. पंप पण मागवून घेते. आता फॉर्म भरते, बसा तुम्ही ह्या दगडावर. सर, मी असं लिहिलंय, ‘तपासणीत नवीन पाझर आढळला.’

श्रीनिवास : नवीन?

उत्कर्षा : गढूळ पाणी गणपतीपासूनच येऊन राहिलंय ना. तेवढं तर नवीनच आहे. मग मागच्या अहवालांचं कोणी काही विचारणार नाही. तुमची पुस्तिका वाचून मी ह्या लाइनमध्ये आले सर. मला नाही आवडणार, लोकांनी तुम्हाला बोललेलं.

श्रीनिवास : डिसेंबरात माझी पंच्याहत्तरी आहे. सोसायटी सत्कार करणार आहे, ‘बांधाचे शिल्पकार’ म्हणून. मानपत्राचा मसुदा मीच तपासून दिलाय.

उत्कर्षा : मग?

श्रीनिवास : चांगली मुलगी आहेस. राहू दे ‘नवीन’. सुशीलाबाई, तुम्ही तेवढं सामान आवरा. भांडी, कपडे, लेकीची पुस्तकं. पाणी उतरेपर्यंत तुम्ही तिघं आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर. आमच्या मुलाची, सलिलची खोली रिकामीच असते. आनंदीला मी सांगतो.

सुशीलाबाई : कशापायी साहेब? पानी तर चाललंय की. आन आमच्या बांधाला काय हुत नसतंय. आमच्याकडं कागद हाय.

श्रीनिवास : कसला कागद?

सुशीलाबाई : तुमचाच की! आलो त्या पयल्या पावसाळ्यात मला झोपच लागंना. लेक मांडीवर, आन डोक्याच्या वर यवडं पानी. इजा चमकल्या की म्या उटून बसायची. म्हनायची, चला माघारी परभनीला. तर ह्यांनी ऑफिसातनं तुमच्या कागदाची झेराक्स आनली, वाचून दावली. ‘बांध पूर्णपणे सुरक्षित आहे.’ खाली तुमची सही. म्या ती पलास्टिकात घालून देवाच्या बाजूला लावली. दर साली नवी लावते. आता किती बी पाऊस यिऊ द्या, हे म्हनत्यात, कागद बग आन झोप.

श्रीनिवास : आणि झोपता?

सुशीलाबाई : झोपतो की. लेकीचं अंथरून तर बांधाकडच्या भिंतीलाच आसतंय. तितं गार लागतंय म्हनती.

श्रीनिवास : उत्कर्षा.

उत्कर्षा : हो सर.

श्रीनिवास : ‘नवीन’ खोड.

उत्कर्षा : सर, एकदा विचार करा.

श्रीनिवास : सात वर्षं न करता सह्या केल्या, आता केला. लिही, ‘पाझर किमान सात वर्षं जुना आहे. मागील सर्व अहवाल पायथ्याची पाहणी न करता देण्यात आले आहेत.’ खाली जागा सोड, सही मी करतो. त्याची एक प्रत अपूर्वाबाईंना दे. मानपत्राचा मसुदा त्यांच्याकडेच आहे, दोन्ही कागद एकत्र लावता येतील.

उत्कर्षा : लिहिते.

श्रीनिवास : सुशीलाबाई, तो देवाजवळचा कागद काढून टाका.

सुशीलाबाई : का वो? सही तुमची न्हाई का?

श्रीनिवास : सही माझीच आहे. पण ती करताना मी खाली आलो नव्हतो. एकदाही नाही. गुडघे दुखतात म्हणून वर खुर्चीत बसून केली. पाझर तुम्ही बघितला, तोंडावर सांगितलात, मी ऐकला नाही. तुमची लेक त्या भिंतीला लागून झोपत होती आणि मी तिच्या डोक्यावर बसून चहा पीत होतो. मला लाज वाटते.

उत्कर्षा : बाई, चला. सामान मी उचलू लागते.

सुशीलाबाई : उचलते. साहेब, एक इचारू?

श्रीनिवास : विचारा. वाटेल ते बोला, मी ऐकतो.

सुशीलाबाई : चौथ्या मजल्यावर नेतो म्हनता. त्या बिल्डिंगीवर सही कुनाची हाय?